नाताळला मुलांना न्यावे. पण काय दाखवायला?

वसई तालुक्यातल्या ख्रिस्ती गावांत नाताळ एका दिवसात उरकत नाही. डिसेंबर उजाडला की दारोदार चांदण्या टांगल्या जातात, चर्चच्या आवारात मांडव पडतो, गायकवृंदाच्या तालमी सुरू होतात, आणि २४ तारखेच्या रात्रीपासून रस्त्यांवर माणसांचा राबता असतो. या माणसांत ख्रिस्ती नसलेली कुटुंबेही पुष्कळ असतात. वसई रोड, नालासोपारा, विरार इथल्या इमारतींतून आईबाप मुलांना घेऊन पश्चिमेकडच्या गावांत येतात : नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज, पापडी, सांडोर. रोषणाई पाहायची, मुलांना सांताक्लॉज दाखवायचा, काहीतरी खायचे आणि परतायचे, असा साधारण बेत असतो.

बेत साधा आहे, पण त्याच्या पोटात एक प्रश्न आहे. नाताळ ही सर्वांनी मिळून करायची मौज आहे, की एका समाजाच्या श्रद्धेचा सण आहे आणि बाकीचे तिथे पाहुणे म्हणून जातात? मोठी माणसे एकमेकांत असतील तर हा प्रश्न कुणी काढत नाही. लहान मूल बरोबर असले की तो टाळता येत नाही, कारण ख्रिस्तजन्माचा देखावा मांडलेल्या गोठ्यासमोर उभे राहून मूल मोठ्याने विचारते, ‘हे बाळ कुणाचं?’

या प्रश्नाच्या दोन बाजू इथे दोन व्यक्तींच्या तोंडी दिल्या आहेत. एक पालक आहे : वसई रोडला राहणारा, सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा असलेला हिंदू बाप. दुसऱ्या आहेत बाई : शाळेतून निवृत्त झालेल्या, सामवेदी ख्रिस्ती घरातल्या, घरी कादोडी बोली आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या. दोघेही प्रातिनिधिक आहेत. त्यांच्यातला वाद मात्र अनेक घरांत होतो.

पालक : बाई, यंदा चोवीसच्या रात्री मुलांना घेऊन तुमच्या गावात यायचं म्हणतोय. मैदानावर कार्यक्रम असतो ना? सांता येतो, केक कापतात. मुलगी कधीची मागे लागलीय.

बाई : या की. तुम्हाला कधी नको म्हटलंय? पण चर्चमध्ये येणार, की मैदानावरूनच परत जाणार?

पालक : मैदानावरूनच. चर्चमध्ये नको. खरं सांगू का, देवाधर्माचं काही त्यांच्यापुढे आत्ताच नको, असं मला वाटतं. आमच्याही घरी मी फार पूजाअर्चा करत नाही. सण म्हणजे दिवे, गाणी, खाऊ. ते सगळ्यांचं असतं. देव मध्ये आला की माझा आणि तुझा सुरू होतं.

बाई : म्हणजे वाढदिवसाला यायचं, केक खायचा, पण वाढदिवस कुणाचा ते मुलांना सांगायचं नाही?

पालक : तसं नाही हो बाई. पण नाताळ आता सगळ्या जगाचा झालाय.

बाई : जगाचा होऊ दे, आनंदच आहे. पण मी तुमच्याकडे गणपतीला येते. तेव्हा ‘मूर्ती झाका, मोदक तेवढे द्या’ असं म्हणते का? तुमच्या आई आरती करतात, मी मागे उभी राहते. ती आरती माझी नाही. पण घरात काय चाललंय आणि कशासाठी, ते मला ठाऊक असतं. तुमच्या मुलांसाठी मी तेवढंच मागते.

बाईंच्या या आग्रहामागे वसईचा इतिहास आहे. गुजरातच्या बहादूरशाहाकडून १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्यांच्या काळात इथे चर्च उभी राहिली, स्थानिक लोकांतली अनेक घराणी ख्रिस्ती झाली. कॅथलिक संतपद मिळालेले भारतात जन्मलेले पहिले संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे. १५९७ साली जपानमधल्या नागासाकीत त्यांना क्रुसावर मारण्यात आले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज गेले. पुढे इंग्रज आले आणि तेही गेले. राज्ये बदलली, तरी केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या कसणारा हा समाज आपल्या जागी, आपल्या श्रद्धेसह राहिला. त्यामुळे ‘नाताळ म्हणजे इंग्रजांचा सण’ हे वाक्य वसईत तरी टिकत नाही. इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीपासून तो इथे साजरा होत आला आहे.

तो मराठीतही साजरा होत आला आहे. ख्रिस्तजन्माची कथा ओवीत सांगणारे फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली छापले गेले. त्यात सुमारे ११ हजार ओव्या आहेत. नगरकडच्या प्रॉटेस्टंट मंडळींत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाची वाट रुळवली. कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६०च्या दशकापासून, मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, लॅटिनऐवजी लोकभाषेत होऊ लागली, आणि वसईत ती मराठीत होऊ लागली. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मराठी घरातल्या मुलाला वसईच्या चर्चमधले गाणे समजते. ते परके वाटायला भाषेचे काही कारण नाही, आणि बाहेरगावच्या सजवलेल्या मॉलपेक्षा वसईचे चर्च या मुलाला जवळचे आहे, हे पालकांनी आधी लक्षात घ्यायला हवे.

यानंतर वाद सांताक्लॉजवर येतो. इथे दोन्ही बाजूंना काही खरे सांगायचे आहे.

पालक : सांताचं काय वावडं आहे तुम्हाला? तो कुणाला जात विचारत नाही, धर्म विचारत नाही. पोत्यातून खाऊ काढतो आणि देतो. मुलांना याहून चांगलं काय शिकवणार?

बाई : देतो, पण कुणाच्या पैशानं? मोठ्या सोसायट्यांत काय चालतं ते बघितलंय मी. आईबाप आधीच भेटवस्तू आणून, कागदात गुंडाळून, वर मुलाचं नाव लिहून कार्यकर्त्यांकडे देतात. मग सांता नाव पुकारतो. एकाला बॅटरीवरची गाडी, दुसऱ्याला रंगपेटी. ज्याच्या घरून काहीच आलेलं नसतं, ते मूल शेवटपर्यंत रांगेत उभं राहतं.

पालक : हा सांताचा दोष नाही, आयोजकांचा आहे. सगळ्यांना सारखंच द्यायचं ठरवलं की झालं.

बाई : ठरवा मग. ठरवलंत तर मी पण टाळ्या वाजवीन. पण गोठ्यातल्या बाळाकडे पाठ करून मुलं पोत्याकडे तोंड करून उभी राहतात, ते मला बघवत नाही.

सांताक्लॉजचे मूळ चौथ्या शतकातल्या संत निकोलसमध्ये आहे. आजच्या तुर्कस्तानात असलेल्या मायरा गावचे ते बिशप होते. गरिबांना गुपचूप मदत करणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती, आणि त्यांचा सण ६ डिसेंबरला येतो. युरोपातून, विशेषतः डच लोकांबरोबर, ही परंपरा अमेरिकेत गेली. तिथे थॉमस नास्ट या चित्रकाराने १८६३पासून साप्ताहिकांत काढलेल्या चित्रांनी गुबगुबीत, दाढीवाला सांता लोकांच्या डोळ्यांसमोर आणला, आणि १९३१पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी त्याचे लाल कोटातले रूप जगभर पक्के केले. म्हणजे बाई म्हणतात तसा बाजाराचा हात त्यात आहे, आणि पालक म्हणतो तसा देण्याचा भावही त्यात मुळापासून आहे. फरक इतकाच की निकोलस गुपचूप देत असत. नाव पुकारून, ध्वनिक्षेपकावरून देणे ही पुढच्या काळाची भर आहे. मुलांसाठी कार्यक्रम करणाऱ्या मंडळांनी सर्व मुलांना एकच वस्तू द्यावी, मग ती साधी पेन्सिल असली तरी चालेल. या बाबतीत दुसरे मत असू नये.

सांताबद्दल आणखी एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यात आली नाही, पण ती सांगायला हवी. दोन-तीन वर्षांची बरीच मुले सांताला घाबरतात. अनोळखी माणूस, दाढीने झाकलेला चेहरा, मोठा आवाज, भोवती गर्दी, आणि अशात कुणीतरी उचलून त्याच्या मांडीवर ठेवतो. मूल रडते, मोठी माणसे हसतात आणि फोटो निघतो. हे करू नये. मूल आपण होऊन पुढे गेले तर जाऊ द्यावे. बापाच्या पायाला बिलगून दुरूनच पाहत राहिले तर तेही पाहणेच आहे.

गोठ्याची गोष्ट वेगळी आहे. गोठा लहान मुलाच्या उंचीचा असतो, जमिनीलगत मांडलेला असतो, आणि त्यात जे आहे ते मुलाला ओळखीचे असते. ही कल्पना लोकप्रिय केली संत फ्रान्सिस यांनी. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो या गावी त्यांनी खऱ्या गवताची गव्हाण, खरा बैल आणि खरे गाढव आणून ख्रिस्तजन्माचा प्रसंग उभा केला. पुस्तक न वाचणाऱ्या गावकऱ्यांना तो प्रसंग डोळ्यांनी दिसावा, हा त्यांचा हेतू होता. आठशे वर्षांनंतरही गोठ्याचे काम तेच आहे, आणि वाचता न येणारा प्रेक्षक आज प्रामुख्याने लहान मूल आहे.

वसईत गोठे घरोघरी असतात, चर्चच्या आवारात असतात, वाडीवाडीतल्या तरुणांनी उभारलेले असतात. काही हातभर लांबीचे, काही अंगणभर. घरच्या गोठ्याची तयारी बघण्यासारखी असते. पसरट ताटलीत माती घालून नाचणी किंवा गहू पेरतात, रोज पाणी शिंपडतात, आणि आठ-दहा दिवसांत बोटभर हिरवे अंकुर वर येतात. तेच गोठ्यासमोरचे कुरण. छपराला भाताचा पेंढा, डोंगराला रंगवलेला जाड कागद, पाण्याच्या जागी आरशाचा तुकडा. मग मारिया, योसेफ, मेंढपाळ, मेंढ्या, बैल, गाढव. मधली गव्हाण मात्र २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची असते. बाळ येशूची मूर्ती जन्माच्या वेळी, त्या रात्रीच्या मिस्साला, गव्हाणीत ठेवली जाते. ज्या मुलाने आठवडाभर रिकामी गव्हाण पाहिली आहे, त्याला २५ला सकाळी ती भरलेली दिसते, तेव्हा काय घडले हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पालक : हे सगळं सहा वर्षांच्या मुलीला ठीक आहे. तीन वर्षांच्याला काय कळणार?

बाई : गाय कळते ना? बाळ कळतं? बाळाला झोपायला जागा नव्हती, म्हणून गुरांच्या गवतावर ठेवलं, हे कळतं? मग झालं की. यापेक्षा जास्त मला तरी कुठं कळलंय?

पालक : आणि मोठीनं विचारलं, हे बाळ देव आहे का, तर काय सांगू? हो म्हणू? मी तसं मानत नाही. नाही म्हणू? तुमच्या अंगणात उभं राहून?

बाई : खोटं एकही सांगू नका. सांगा, ‘बाई असं मानतात. ख्रिस्ती लोक मानतात की हे बाळ देवाचा पुत्र आहे, म्हणून ते त्याच्यापुढे गातात.’ पुढं ती विचारील, ‘बाबा, तुम्ही मानता का?’ तेव्हा तुमचं जे असेल ते सांगा. माझा अपमान होत नाही त्यात. ‘काही नाही गं, नुसती बाहुली आहे’ असं म्हणालात, तर मात्र वाईट वाटेल.

पालक : आणि घरी जाऊन तिनं आजीला विचारलं, आपला देव खरा की त्यांचा?

बाई : ती आज ना उद्या विचारणारच आहे. शाळेत विचारील, टीव्ही बघून विचारील. पहिल्यांदा माझ्या घरात, माझ्या हातचा लाडू खाताना विचारलेलं बरं.

या ठिकाणी बाईंची बाजू निःसंशय भक्कम आहे. धर्म मुलांच्या कानावर पडूच नये अशी पालकांची इच्छा असली, तरी ते शक्य नसते. तो कुणाकडून आणि कसा कानावर पडतो एवढेच हातात असते. ‘ते असे मानतात’ हे वाक्य सहा वर्षांच्या मुलाला पूर्ण समजते. त्यात मुलाला आपली श्रद्धा सोडायला कुणी सांगत नाही आणि दुसऱ्याची श्रद्धा खोटी ठरवायलाही सांगत नाही. शेजारी काय मानतो हे त्याच्याच घरी, त्याच्याच तोंडून ऐकलेल्या मुलाला पुढे त्याच्याबद्दल कुणी काहीबाही सांगितले, तर ते सहज पटत नाही. सरमिसळ वस्तीत मुले वाढवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ही संधी घ्यावी इतकी ती मोलाची आहे.

गोष्ट सांगताना वयाप्रमाणे काटछाट करावी लागते. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आणि मेंढपाळ आहेत. मत्तयच्या शुभवर्तमानात तारा आणि पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक आहेत. ते किती होते हे मत्तय सांगत नाही. सोने, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी होत्या म्हणून परंपरेने त्यांना तीन राजे केले. बैल आणि गाढव तर जन्मकथेत नाहीतच, ते नंतरच्या भाविकांनी आणले, आणि मुलांना नेमके तेच सर्वांत आवडतात. मत्तयच्या कथेत हेरोद राजाने बेथलेहेममधली बालके मारल्याचाही प्रसंग आहे. चर्च २८ डिसेंबरला त्या निष्पाप बालकांचे स्मरण करते. तो भाग तीन वर्षांच्या मुलाला सांगण्याचे कारण नाही. मोठ्या मुलाने विचारले तर राजाच्या भीतीने आईबाप बाळाला घेऊन इजिप्तला निघून गेले, एवढे पुरते.

वेळेच्या बाबतीत पालकाची बाजू वरचढ ठरते.

बाई : आम्ही लहान असताना मध्यरात्रीच्या मिस्साला जायचो. आई आम्हाला चादरीत गुंडाळून न्यायची. अर्धा वेळ झोपेत जायचा, पण घंटा वाजली की जाग यायची. ती रात्र मी विसरले नाही.

पालक : तुमचं घर चर्चच्या शेजारी आहे, बाई. आम्हाला परत वसई रोडला जायचंय. त्या रात्री रिक्षा मिळत नाही, मिळाली तर रस्त्यात अडकते. धाकटा नऊला झोपतो. साडेआठपासून रडायला लागला, की मोठीचाही आनंद गेला आणि आमचाही.

बाई : हे खरं आहे. चोवीसला येऊच नका मग. पंचवीसला दुपारनंतर या. किंवा सत्तावीसला, अठ्ठावीसला. संध्याकाळी पाचला. उजेड असतो, गर्दी नसते, आणि दिवे लागताना मुलांना बघायला मिळतात.

पालक : पण मग मिस्सा?

बाई : तुम्ही तर म्हणत होता मिस्सा नको.

पालक : तुमच्याकडे येतोच आहे, तर गाणं ऐकावं म्हणतो. थोडा वेळ.

मध्यरात्रीची मिस्सा ही जुनी प्रथा असली, तरी मुंबई-वसई परिसरात ती आता अनेक ठिकाणी लवकर सुरू होते. त्याचे एक कारण कायद्यात आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांसाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. लहान मुले असलेल्या घरांची यात सोयच झाली आहे. तरीही पाच वर्षांखालच्या मुलाला त्या रात्रीच्या गर्दीत नेण्यात फारसे काही साधत नाही. माणसांच्या पायांच्या जंगलात त्याला काही दिसत नाही, आवाज मात्र सगळा ऐकू येतो.

चर्चमध्ये ख्रिस्ती नसलेल्यांना बसता येते, आणि वसईत त्यांचे स्वागतच होते. दोन-तीन गोष्टी आधी माहीत असाव्यात. मिस्साच्या उत्तरार्धात ख्रिस्तप्रसाद दिला जातो. तो भाविकांना वेदीसमोर रांगेत मिळतो, आणि रांग दिसली की पाहुणेही तिच्यात उभे राहतात. तो मंदिरातल्यासारखा सर्वांना वाटायचा प्रसाद नाही. कॅथलिकांच्या श्रद्धेनुसार ते ख्रिस्ताचे शरीर आहे, आणि बाप्तिस्मा होऊन पहिला ख्रिस्तप्रसाद विधिपूर्वक घेतलेल्यांनाच तो दिला जातो. ख्रिस्ती घरातली लहान मुलेही साधारण सात-आठ वर्षांची होईपर्यंत तो घेत नाहीत. म्हणून पाहुण्यांनी आपल्या जागी बसून राहावे. त्यात कमीपणा नाही. मूल कंटाळले तर मागच्या बाजूने बाहेर जावे, कुणी काही म्हणत नाही. फोटो मात्र मिस्सा संपल्यावर काढावेत.

खाण्यापिण्यात दोघांचे लवकर जमते. नाताळच्या आधीच्या दिवसांत वसईच्या आणि गोव्याच्या घरांत जे पदार्थ होतात, त्यांतले काही मराठी घरांना नावासकट ओळखीचे आहेत. गोव्यात नेवरी ख्रिस्ती घरांत नाताळला होते आणि हिंदू घरांत चतुर्थीला. दोदोल आणि बेबिंका खास गोव्याकडचे. वसईकडे फुगे आणि झणझणीत इंद्याळ. मुलांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ते कुलकुल. मैदा, अंडे, नारळाचे दूध, साखर घालून पीठ मळतात. सुपारीएवढी गोळी घेऊन काट्याच्या पाठीवर, किंवा याच कामासाठी ठेवलेल्या कोऱ्या कंगव्यावर अंगठ्याने दाबत पसरायची आणि उलट गुंडाळत आणायची. अंगठ्याखाली पीठ पातळ होते, त्यावर रेघा उमटतात आणि शंखासारखी वळकटी होते. मग तळणे. पहिले वीस-पंचवीस मुलांच्या हातून वाकडेतिकडे होतात, तेही तळले जातात, आणि ज्याने त्याने आपला ओळखून खायचा असतो. तळण मोठ्यांनी करायचे. वळायचे काम मुलांचे.

पालक : हे मुलांना करायला मिळेल?

बाई : सण होऊन गेल्यावर नाही मिळणार, तेव्हा डबे भरलेले असतात. करायचं असेल तर आधी या, वीस-एकवीसला. एक दुपार द्या. तुमच्या आईंनाही आणा. त्यांच्या करंज्यांचा हात चांगला आहे.

पालक : केकमध्ये रम असते का?

बाई : प्लम केकमध्ये असते. सुका मेवा कित्येक दिवस रममध्ये भिजत घालतात. मुलांसाठी साधा वेगळा करतो आम्ही. विचारत जा, संकोच करू नका. आणि अंडं चालत नसेल तर तेही सांगा.

विचारणे योग्यच आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा काजू किंवा बदामही देऊ नये, तो घशात अडकू शकतो. बाईंच्या बोलण्यातली महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी आहे : एका दुपारी कुलकुल वळायला बसलेले मूल सणाचा प्रेक्षक राहत नाही. नंतर गोठ्यासमोर उभे राहिल्यावर त्याला त्या घरातली माणसे ओळखीची असतात, ताटातला पदार्थ त्याच्या हातचा असतो, आणि २४च्या रात्रीची कितीही मोठी रोषणाई पाहून जे हाती लागत नाही ते त्याला मिळालेले असते. कुटुंबाला एकदाच जाता येत असेल, तर सणाच्या दिवशी जाण्यापेक्षा सणाच्या तयारीच्या दिवशी जावे.

वर्षाच्या शेवटच्या रात्रीबद्दल थोडे. मुंबई, वसई आणि गोव्याच्या ख्रिस्ती वस्त्यांत मुले जुने कपडे, गवत, कागद भरून ‘म्हातारा’ करतात, सरत्या वर्षाचा पुतळा म्हणून तो रस्त्याच्या कडेला बसवतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून पैसे गोळा करतात आणि ३१च्या मध्यरात्री जाळतात. मोठ्या मुलांना यात भरपूर मजा येते. त्यात फटाके भरण्याची पद्धत आहे, म्हणून लहानांना म्हातारा दिवसाउजेडी दाखवावा आणि रात्री घरी ठेवावे.

शेवटी दोघांमध्ये ठरले ते असे.

पालक : वीसला दुपारी आम्ही सगळे येतो. मग अठ्ठावीसला संध्याकाळी पाचला गोठे बघायला. मिस्साला अर्धा तास, मागच्या बाकावर. पण सांता मी सोडणार नाही, बाई. सोसायटीत बोलावणारच आहे.

बाई : बोलवा. सगळ्यांना एकच भेट द्या. आणि तो येण्याआधी कुणाचा वाढदिवस आहे ते एका वाक्यात सांगा.

पालक : ते तुम्हीच येऊन सांगा की. मुलं तुमचं ऐकतात.

बाई : येईन. पण सांताच्या टोपीत फोटो काढायचा नाही माझा.

सांताबद्दल त्यांचे एकमत झालेले नाही, आणि ते होण्याची गरजही नाही. पालकाला सण सर्वांचा हवा आहे, बाईंना तो ज्यांचा आहे त्यांचा म्हणून ओळखला जायला हवा आहे. बाईंचे म्हणणे आधी मान्य केले तर पालकाचे म्हणणे त्यात बसते. सण कुणाचा आहे हे कळल्यावरच त्यांनी आपल्याला बोलावले याचे मोल मुलांना कळते. उलट क्रमाने, सण सर्वांचाच धरून सुरुवात केली, तर यजमान दिसेनासे होतात आणि फक्त दिवे उरतात.

गोठे तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उभे असतात. २४ची रात्र हुकली म्हणून मुलांचा नाताळ हुकत नाही. नाताळ आणि नवे वर्ष यांच्यामधल्या एखाद्या संध्याकाळी, दिवस मावळण्याआधी, ओळखीच्या घरी आधी फोन करून जावे, जाताना आपल्या घरचा डबा न्यावा, आणि मुलांचे प्रश्न त्या घरातल्या माणसांनाच विचारू द्यावेत.